पहाटेचे बेसबॉल : मायनर लीग दाखवणाऱ्या एका प्रक्षेपणसेवेचे परीक्षण

अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलचे (म्हणजे मेजर लीग या मोठ्या लीगच्या संघांचे तरुण खेळाडू जिथे घडतात त्या खालच्या पायऱ्यांवरच्या बेसबॉलचे) सामने इंटरनेटवरून थेट दाखवणाऱ्या सशुल्क सेवेची वर्गणी मी घेतली आहे. तिच्याविषयी लिहिताना माझे प्रश्न दोनच आहेत : दोन तुल्यबळ संघांतला अटीतटीचा सामना ही सेवा नीट पोहोचवते का, आणि खानदेशात सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना तिचा उपयोग होतो का. मी भुसावळात शाळेतील मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. जळगाव जिल्ह्यात हा खेळ अनेक शाळा-महाविद्यालयांत खेळला जातो आणि मुले मेहनतही मनापासून घेतात. परंतु आपल्यापेक्षा वरच्या दर्जाचा सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बसून पाहण्याची संधी त्यांना जवळजवळ मिळतच नाही. क्रिकेट पाहतच आपल्याकडचे मूल मोठे होते, बेसबॉलचे तसे होत नाही. ही उणीव कशी भरून काढावी, या विचारात मी मोठ्या लीगऐवजी मायनर लीगकडे वळले, आणि ती निवड योग्य होती असे माझे ठाम मत आहे.

मायनर लीगची रचना आधी समजून घेतली पाहिजे, नाही तर तिथल्या सामन्याची चव कळत नाही. मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत आणि २०२१ मध्ये झालेल्या फेररचनेनंतर त्या प्रत्येकाशी चार पायऱ्यांवरचे चार संघ जोडलेले आहेत, वरून खाली : ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. म्हणजे एकूण १२० संघ, आणि तेही बहुतेक मध्यम किंवा लहान शहरांतले. खेळाडूचा करार शहरातल्या संघाशी नसतो, मोठ्या लीगमधल्या मूळ संघाशी असतो. त्यामुळे आज इथे खेळणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) पुढच्या आठवड्यात वरच्या पायरीवर गेलेला असतो किंवा खाली आलेला असतो. मी मुख्यतः डबल-ए पाहते, आणि त्यातही ईस्टर्न लीग. तिच्यात १२ संघ असून सहा-सहा संघांचे दोन विभाग आहेत. हंगाम १३८ सामन्यांचा असतो, त्याचे दोन भाग पाडलेले असतात, आणि प्रत्येक भागात विभागात पहिला येणारा संघ बाद फेरीला पात्र ठरतो. शिवाय एका गावात जाऊन मंगळवार ते रविवार सलग सहा दिवस एकाच प्रतिस्पर्ध्याशी खेळायचे असते. विभागातल्याच दोन संघांची अशी मालिका लागली, की चौथ्या-पाचव्या दिवशी कोणता फलंदाज कोणत्या चेंडूला फसतो हे दोन्ही बाजूंना तोंडपाठ झालेले असते.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धा पाहणाऱ्याला ही चुरस वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे खानदेशातले तिन्ही जिल्हे क्रीडा स्पर्धांसाठी नाशिक विभागात मोडतात. जिल्हा जिंकून पुढे आलेल्या संघांची गाठ विभागात पडते आणि राज्य स्पर्धेची वाट तिथूनच जाते. जळगाव-धुळे सामन्याला मैदानाच्या कडेने उभ्या राहणाऱ्या पालकांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ईस्टर्न लीगच्या विभागातली एका सामन्याची आघाडी काय मोलाची असते, ते लगेच उमगेल.

मी पाहते त्या ईस्टर्न लीगच्या नैर्ऋत्य विभागात अल्टूना, अ‍ॅक्रन, एरी, हॅरिसबर्ग, रिचमंड आणि चेसापीक हे संघ आहेत. त्यातला अल्टूना कर्व्ह माझ्या जवळचा झाला, त्याला कारण आमचे गाव. अल्टूना हे पेनसिल्वेनियातले रेल्वेचे गाव आहे. पेनसिल्वेनिया रेलरोड या कंपनीच्या कारखान्यांभोवती ते वाढले आणि संघाच्या नावातला ‘कर्व्ह’ हा गावाजवळच्या हॉर्सशू कर्व्ह या १८५४ मध्ये सुरू झालेल्या, घोड्याच्या नालेसारख्या रेल्वेवळणाचा आहे. रेल्वेचे यार्ड, शेड आणि पाळ्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या भुसावळच्या माणसाला या गावाबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही. हा संघ मोठ्या लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सचा आहे, आणि त्याच पायरेट्सनी २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केले होते. दोघेही २००९ मध्ये मायनर लीगच्या अगदी खालच्या पायरीवर, गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. आमच्या मुलींना ही गोष्ट सांगितली की त्या ‘कुठल्या पायरीवर’ हा प्रश्न विचारतात, आणि पायऱ्यांची ही रचना त्यांच्या डोक्यात कायमची बसते.

आता सेवेच्या कसोटीकडे येते. कुठलीही प्रक्षेपणसेवा एकतर्फी सामन्यात बरीच वाटते. तिची परीक्षा बरोबरीत अडकलेल्या सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये (दोन्ही संघांच्या फलंदाजीच्या एकेका पाळीच्या फेरीत) होते. अशाच एका सामन्याचे उदाहरण घेते. सामना याच विभागातल्या दोन संघांचा होता, मालिकेचा चौथा दिवस होता आणि गुणतक्त्यात दोघांमध्ये फारसे अंतर नव्हते. संघांच्या नावांपेक्षा सामन्यात काय घडले ते इथे महत्त्वाचे असल्यामुळे मी यजमान आणि पाहुणे एवढेच म्हणते.

यजमानांच्या पिचरने पाच इनिंगमध्ये एकच धाव दिली होती आणि पाहुण्यांना त्याचा चेंडू उमगत नव्हता. तरी सहाव्या इनिंगला तो मैदानात आला नाही. निव्वळ जिंकण्यासाठी खेळणारा कोणताही प्रशिक्षक त्याला काढणार नाही. परंतु मायनर लीगमध्ये तरुण पिचरने एका दिवशी किती चेंडू टाकायचे याची मर्यादा मूळ संघ ठरवून देतो, कारण त्याला हा सामना जिंकून देणाऱ्या हातापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या लीगमध्ये टिकणारा हात हवा असतो. नवीन आलेल्या पिचरने पहिल्याच फलंदाजाला चार बॉल (नेमक्या पट्ट्याबाहेर गेलेले चेंडू) देऊन पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तीन टप्प्यांपैकी पहिल्यावर, पाठवले, त्या धावपटूने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका न बसताच धावून गाठला, पुढच्या फटक्यावर तो घरी (होम प्लेटवर, जिथे धाव पूर्ण होते) आला आणि २-२ अशी बरोबरी झाली. मायनर लीगचे सगळे मर्म या एका निर्णयात आहे. मैदानातले पंचवीस-तीस खेळाडू जिवाच्या आकांताने जिंकायला धडपडत असतात आणि त्याच वेळी त्यांच्या माथ्यावर विकासाचे वेळापत्रक टांगलेले असते. मोठ्या लीगच्या प्रक्षेपणात हा ताण इतका उघडा दिसत नाही. ज्या मुलीच्या खांद्याची मला काळजी घ्यायची आहे आणि जिच्याकडून अंतिम सामनाही जिंकून घ्यायचा आहे, तिच्या प्रशिक्षिकेला या एका बदलात पुष्कळ शिकायला मिळते.

आठव्या इनिंगमध्ये सामन्यातला सर्वांत सुंदर क्षण आला. पाहुण्यांचा धावपटू पहिल्या बेसवर असताना चेंडू डाव्या आणि मधल्या क्षेत्ररक्षकांच्या मधून कुंपणापर्यंत गेला. धावपटू थेट घराकडे निघाला. मधल्या क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) फेकला, शॉर्टस्टॉपने तो घेण्याआधीच अर्धे अंग घराच्या दिशेने वळवून ठेवलेले होते, आणि कॅचरला (फलंदाजामागे बसणाऱ्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूला) गुडघ्याच्या उंचीवर आलेल्या थ्रोवर धावपटू आऊट झाला. कॅमेऱ्याने ही पूर्ण साखळी एकाच रुंद चौकटीत दाखवली. मोठ्या प्रक्षेपणात अशा वेळी दृश्य सारखे बदलते : आधी क्षेत्ररक्षकाचा चेहरा, मग धावपटूचे पाय, मग कॅचर. मायनर लीगच्या मैदानावर कॅमेरे थोडे असल्यामुळे ते उंचावरून सगळे एकत्र दाखवतात, आणि खेळ शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. शॉर्टस्टॉप कुठे उभा राहिला, दुसरा बेस झाकायला कोण धावले, पिचर कॅचरच्या मागे आधाराला केव्हा पोहोचला, हे सारे एका नजरेत दिसते. ज्याला कॅमेऱ्यांची उणीव समजावे, त्यालाच मी या सेवेचा गुण मानते.

नवव्या इनिंगमध्ये पिच क्लॉकने, म्हणजे पिचरचा वेळ मोजणाऱ्या घड्याळाने, हस्तक्षेप केला. पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकला पाहिजे हा नियम २०२२ मध्ये मायनर लीगच्या सर्व पायऱ्यांवर लागू झाला, त्यामुळे सामन्याची सरासरी वेळ सुमारे २५ मिनिटांनी घटली, आणि पुढच्या वर्षी मोठ्या लीगनेही तो स्वीकारला. तीन बॉल, दोन स्ट्राइक (आणखी एक बॉल पडला तर फलंदाज बेसवर, आणखी एक स्ट्राइक पडली तर आऊट) अशी स्थिती असताना पाहुण्यांच्या पिचरला उशीर झाला, पंचांनी चौथा बॉल दिला आणि चेंडू न टाकताच फलंदाज पहिल्या बेसवर गेला. धाव झाली नाही, पण घड्याळ सतत पडद्यावर दिसत असल्यामुळे पंचांनी हात वर करण्याआधीच काय होणार ते कळले. पडद्यावरची माहिती इथे नेमकी आहे : धावसंख्या, आऊट, बॉल-स्ट्राइक आणि बेसवरचे धावपटू, एवढेच.

नऊ इनिंगनंतरही बरोबरी राहिल्यामुळे दहावी इनिंग सुरू झाली ती नियमाप्रमाणे दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून. मायनर लीगने हा नियम २०१८ मध्ये आणला. आमच्या मुलींना तो सॉफ्टबॉलमधला टायब्रेकर म्हणून आधीपासून ठाऊक आहे. त्याची गरज का पडली हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी १९८१ चा मायनर लीगमधला पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर हा सामना आठवावा. तो १८ एप्रिलला रात्री सुरू झाला, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी ३२ इनिंगनंतर बरोबरीत थांबवला तेव्हा प्रेक्षकांत १९ जण उरले होते, आणि २३ जूनला पुढे सुरू झाल्यावर ३३ व्या इनिंगमध्ये १८ मिनिटांत पॉटकेटने तो ३-२ असा जिंकला. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटे. पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत) गेलेले वेड बॉग्स आणि कॅल रिपकेन ज्युनिअर त्या सामन्यात समोरासमोर होते. असा सामना आता होणार नाही, याची मला थोडी हळहळ वाटते. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचे असलेल्या तरुणांच्या शरीरांचा विचार करता आजचा नियमच बरा.

पाहुण्यांनी दहाव्या इनिंगमध्ये शिस्तीने एक धाव काढली : पहिल्या फलंदाजाने उजवीकडे जमिनीलगत चेंडू मारून धावपटूला तिसऱ्या बेसवर नेले आणि दुसऱ्याने खोल उंच फटका मारून त्याला घरी आणले. यजमानांची पाळी आली तेव्हा मी बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हळूच जमिनीवर टेकवण्याचा) इशारा दिला असता, पण त्यांच्या व्यवस्थापकाने तरुण फलंदाजाला मोकळेपणाने मारू दिले, आणि त्याच्या फटक्यावर ३-३ झाले. तो आता पहिल्या बेसवर होता. पिचरने त्याला अडवण्यासाठी दोनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. सध्याच्या नियमानुसार तिसऱ्या वेळी धावपटू आऊट झाला नाही तर बॉक धरला जातो आणि धावपटूला पुढचा बेस फुकट मिळतो. म्हणून तिसरा थ्रो सहसा येत नाही, हे धावपटूला माहीत असते. त्याने दोन पावले अधिक घेतली, दुसरा बेस चोरला, आणि पुढच्या सिंगलवर (फलंदाजाला एक बेस मिळवून देणाऱ्या फटक्यावर) विजयी धाव काढली. हा सगळा हिशेब समालोचकाने चोरी होण्यापूर्वीच श्रोत्यांना मांडून दाखवला होता.

या समालोचकाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वर्गणीची अर्धी किंमत माझ्या मते तिथेच वसूल होते. मायनर लीगच्या प्रक्षेपणात बहुतेक वेळा संघाच्या रेडिओ समालोचकाचाच आवाज चित्राला जोडलेला असतो. तो सहसा एकटा असतो, पूर्ण सामना एकटा बोलतो, आणि ऐकणाऱ्याला चित्र दिसत नाही हे गृहीत धरून बोलतो. वारा कुठल्या दिशेने आहे, क्षेत्ररक्षक किती मागे सरकले आहेत, कालच्या सामन्यात याच फलंदाजाला कोणता चेंडू टाकला होता, हे तो शब्दांत सांगतो. गाजलेल्या नावांची उजळणी त्यात नसते, कारण गाजलेली नावे तिथे नसतातच. इंग्रजी साधे आणि संथ असल्यामुळे नववी-दहावीच्या मुलींनाही थोड्या सवयीने ते समजू लागते. मोबाइलचे नेटवर्क मंदावून चित्र अडखळले तरी निव्वळ आवाजावर सामना पुढे चालू राहतो, हा आणखी एक फायदा. बहुतेक संघांचे ध्वनिप्रक्षेपण तर विनामूल्यही ऐकता येते. यावल तालुक्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी, केळीच्या बागेला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला उठावे लागते तेव्हा, असेच नुसते समालोचन ऐकते आणि सकाळी मला निकाल कळवते.

वेळेचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उन्हाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेनऊ तास मागे असतो, म्हणून तिथला संध्याकाळी साडेसहा-सातचा सामना आपल्याकडे पहाटे चार-साडेचारला सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळात सरावाला योग्य वेळ पहाटेचीच असल्यामुळे आम्हाला हे सोयीचे पडते : सामना संपतो तेव्हा मैदानावर जायची वेळ झालेली असते. ज्यांना पहाट शक्य नाही त्यांनी रविवार पाहावा. दुपारी एकचा सामना आपल्या रात्री साडेदहाला लागतो. आठवड्याच्या मध्ये काही संघ शाळकरी मुलांसाठी सकाळी अकराला सामना ठेवतात, तो आपल्या रात्री साडेआठला, जेवणाच्या वेळी येतो. मैदानभर मुलांचा गलका असलेले हे सामने घरातल्या लहानांबरोबर पाहायला फार चांगले. सोमवारी सुट्टी असते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चित्राचा दर्जा मैदानागणिक बदलतो. एका गावात सुस्पष्ट दिसते, दुसऱ्या गावात रात्रीच्या दिव्यांत चेंडू शोधावा लागतो. पुनर्दृश्य कमी वेळा मिळते आणि दुसऱ्या कोनातून क्वचितच. घरावरच्या अटीतटीच्या निर्णयात याची रुखरुख लागते. दोन इनिंगच्या मध्ये पडदा बराच वेळ स्थिर चित्रावर राहतो. वर्गणी डॉलरमध्ये भरायची असल्याने कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावा लागतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंद असते. संपलेला सामना पुन्हा पाहता येतो आणि हवा तिथे थांबवता येतो, ही सोय मात्र माझ्यासाठी थेट प्रक्षेपणाइतकीच मोलाची आहे. त्या आठव्या इनिंगची रिले (क्षेत्ररक्षकाकडून घरापर्यंतची थ्रोंची साखळी) मी मुलींना थांबवून थांबवून दाखवली आणि लगेच मैदानावर करून घेतली.

प्रशिक्षकांना एक सूचना द्यावीशी वाटते. बेसबॉलमधले सगळेच सॉफ्टबॉलला जसेच्या तसे लागू करू नये. बेसबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ९० फूट, आपल्याकडे ६० फूट. म्हणून शॉर्टस्टॉपला मिळणारा वेळ फार वेगळा असतो. बेसबॉलचा धावपटू पिचरच्या हातात चेंडू असतानाच बेस सोडून पुढे सरकतो. फास्टपिच (वेगवान चेंडूच्या) सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. त्यामुळे बेसचोरीचा तो देखणा प्रसंग दाखवताना मी मुलींचे लक्ष धावपटूच्या पावलांकडे न नेता कॅचरच्या उभे राहण्याच्या वेगाकडे आणि दुसऱ्या बेसवर आलेल्या थ्रोच्या उंचीकडे नेते. रिले, आधाराला धावणे, टायब्रेकरमध्ये पहिल्या फलंदाजाने उजवीकडे चेंडू मारणे, हे मात्र दोन्ही खेळांत सारखेच.

तारांकित खेळाडू आणि झगमगाट हवा असेल त्यांनी ही सेवा घेऊ नये, त्यांची निराशा होईल. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारानेही डबल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ३०,२५० डॉलरच ठरवले होते. हे अजून घडत असलेले तरुण आहेत, त्यांच्याकडून चुका होतात, आणि अटीतटीच्या सामन्यात त्या चुका निकाल ठरवतात. पण ज्यांना खेळ घडताना पाहायचा आहे, विशेषतः जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना, मी ही वर्गणी निःशंकपणे सुचवते. दोन-तीन शाळांनी मिळून एक मोठा पडदा आणि चांगली जोडणी यांची व्यवस्था केली तर आणखी उत्तम. ईस्टर्न लीगचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो, म्हणून वर्गणी मार्च संपता संपता घ्यावी आणि सुरुवात विभागातल्याच दोन संघांच्या एखाद्या मालिकेने करावी. मंगळवारचा पहिला सामना पाहिला, की शनिवारचा अधिक समजतो.